सर, तुमची काचपेटी आली

सर, तुमची काचपेटी आली.

तुम्ही गेल्यावर पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, टेम्पो संग्रहालयाच्या दारात उभा. ॲल्युमिनियमवाला खाली उतरला आणि मलाच विचारतो, "सर कुठे आहेत? म्हणावं पेटी बघून घ्या, मापात सुतभरही फरक नाही." मी म्हटलं, "सर गेले." त्याला वाटलं अलिबागला गेले. म्हणाला, "मग येतील ना संध्याकाळपर्यंत?" मी पायरीवर बसले आणि मला हसू आलं. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी हसूच आलं. कारण तुमचं हे असंच. स्वतः निघून जायचं आणि भांडण मात्र घरपोच पाठवायचं.

आपलं विजेचं यंत्र त्या पेटीत ठेवून कुलूप घालायचं, हे तुम्ही रागाच्या भरात ठरवलं होतंत. राग माझ्यावर होता आणि थोडा मासळीवाल्या सोनूबाईच्या गुडघ्यांवर होता. आता तुम्ही नाही, पेटी आहे, आणि यंत्र तिच्यात ठेवायचं की नाही ते एकटीने ठरवायची पाळी माझ्यावर आली. गेलेल्या माणसाचा शब्द आहे. मोडला तर लोक म्हणतील, सिस्टरना रान मोकळं मिळालं. पाळला तर आपलं संग्रहालय मुकं होईल. तुम्ही असतात तर तुमच्याशीच भांडून सोक्षमोक्ष लावला असता. ती सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून हे लिहितेय.

गावात आपल्याला नावाने कोणी हाक मारलीच नाही. तुम्ही हायस्कुलात विज्ञान शिकवलंत म्हणून सर. माझी उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, म्हणून मी सिस्टर. दोघंही निवृत्त झालो आणि दोघांनाही घरात बसवेना. रस्त्याला लागून नवा दवाखाना झाला, जुना ओस पडला, त्याची चावी सवयीने माझ्याच पर्समध्ये राहिली. एक दिवस तुम्ही आलात आणि वाण्याकडे गूळ मागावा तसं म्हणालात, "सिस्टर, चावी द्या. संग्रहालय काढायचंय."

"कसलं?"

"एकोणिसाव्या शतकाचं. विज्ञान, औषधं, यंत्रं. किहीमचे जुने बंगले विकले जातायत आणि आतलं सगळं भंगारात चाललंय. दुर्बिणी जातायत, सिस्टर. सूक्ष्मदर्शकं किलोवर जातायत."

मी म्हटलं, "चावी मिळणार नाही. मी येईन उघडायला." तेव्हापासून रोज उघडायला येतेय.

यंत्र तुम्हाला भंगारवाल्याच्या टेम्पोत दिसलं. तो ते सहजासहजी सोडेना, तेव्हा तुम्ही घरी गेलात आणि वहिनींचा मिक्सर उचलून आणलात. चांगला चालू मिक्सर. वहिनी परसात पापड वाळत घालत होत्या, त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी खोबरं वाटायला ओट्याशी गेल्या, तर मिक्सरच्या जागी नुसता चौकोनी डाग. मग कितीतरी दिवस तुमच्या घरी वाटण पाट्यावर झालं आणि तुम्ही वर तोंड करून म्हणायचात, चव कशी उतरलीय बघा. वहिनी संग्रहालयाची पायरी चढल्या नाहीत त्या तेव्हापासून. विषय निघाला की म्हणायच्या, "माझा मिक्सर खाल्लान त्या खोक्याने."

आणि खोकं तरी काय म्हणून आणलंत? टेलिफोन म्हणून. लाकडी खोकं, आत घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक, बाजूला फिरवायचा दांडा, आणि वायरींच्या टोकांना दोन पोकळ पितळी नळ्या. तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, "एक कानाची, एक तोंडाची. दांडा फिरवला की पलीकडे घंटी." तुमच्या फळ्यावरच्या त्या सुरेख अक्षरात पाटी रंगली, 'जुना टेलिफोन'. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं यायची होती, म्हणून आपण तालीम घेतली. सडक्या वायरी काढून तुम्ही नव्या लावल्या होत्या. एक नळी कानाला लावलीत, एक ओठांना, आणि म्हणालात, "फिरवा सिस्टर. जोरात."

आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी तुमचं निमूट ऐकलं. 'हॅलो'मधला 'हॅ' तुमच्या तोंडून बाहेर पडला, 'लो' काही आला नाही. त्याऐवजी जी आरोळी आली ती मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघणाऱ्यांनीही ऐकली असेल. तुम्ही खुर्चीसकट मागे, नळ्या दोन दिशांना आणि चष्मा तिसऱ्या. मी धावत येऊन नाडी धरली, पापण्या उघडून बघितल्या. तुम्ही माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणालात, "टेलिफोन नाहीये."

मग आपण दोघं जे हसायला लागलो ते थांबेचना. दोन म्हातारी माणसं जुन्या दवाखान्याच्या फरशीवर बसून पोट धरून हसतायत. बाहेरून जाणारा पोस्टमन डोकावून बघून तसाच परत गेला.

झाकणाच्या आतली धूळ नंतर पुसली तेव्हा चित्र दिसलं. झग्यातली एक मड्डम खुर्चीत ताठ बसलीय, दोन्ही हातांत त्याच दोन नळ्या. तुम्ही पुस्तकं धुंडाळलीत आणि उलगडा केलात. त्या काळी डॉक्टरलोक या यंत्राने माणसांना विजेचे हलके झटके द्यायचे. दातदुखीवर तेच, संधिवातावर तेच, झोप येत नाही म्हणून तेच आणि मन उदास आहे म्हणूनही तेच. तुम्हाला तर घबाड मिळालं. टेलिफोनची पाटी त्याच दिवशी उतरली. शेजारच्या कपाटातली लाकडी नळी तुम्ही काढून यंत्राच्या बाजूला मांडलीत. छाती तपासायची ती जुनी नळी, एका टोकाला सनईसारखी पसरट, मुलं हटकून पिपाणी समजून फुंकायला जायची. आणि तुमचं ठरलेलं वाक्य सुरू झालं, "हे बघा बाळांनो. एक खरं, एक खोटं. आणि दोन्ही एकाच डॉक्टरच्या बॅगेतून, एकाच बोटीतून आपल्या किनाऱ्याला उतरली. त्या डॉक्टरला तरी कुठे माहीत होतं की कुठलं टिकणार?" मग थांबून, चष्म्यावरून बघत म्हणायचात, "आज आपल्या दवाखान्यात जे आहे, त्यातल्या कशाला लोक उद्या हसतील, सांगा बरं?" मुलं माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, सरांना.

या टेबलावर माझीही एक वस्तू होती, देवी टोचायची जुनी सुई. ती दाखवायचं काम माझं. तुम्ही मुलांना लसीचा शोध सांगायचात, मी त्यांना माणगावच्या आतल्या अंगाची गावं सांगायचे. माझं माहेर तिकडचं आणि माझ्या नोकरीची पहिली वर्षंही तिकडचीच. लस टोचायला सिस्टर आली म्हटलं की बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या. मी सुई बाहेर काढतच नसे. ओटीवर बसायचं, पाणी मागायचं, बाईचा हात हातात घ्यायचा आणि शेतीचं विचारायचं. हात सैल पडला की समजायचं, आता पोर बाहेर येईल. तुम्ही एकदा म्हणालात, "सिस्टर, हे शास्त्र नाही." मी म्हटलं, "नसू दे. पोर तर बाहेर आलं ना?" आपलं खरं भांडण तिथेच सुरू झालं असावं.

तुमचा एक नियम मात्र मला पहिल्या दिवसापासून पटला. 'हात लावू नये' ही पाटी आपल्याकडे कधी लागणार नाही. लोकांनी दांडा फिरवायचा, भिंगातून बघायचं, लाकडी नळी एकमेकांच्या छातीला लावून ऐकायचं. बाप लेकाच्या छातीला कान लावून वाकायचा तेव्हा आधी लाजायचा आणि मग त्याचा चेहरा असा काही व्हायचा की तुम्ही बोलणं थांबवून नुसते बघत राहायचात.

त्याच नळीने तुम्हाला पकडलं. शाळेचा वर्ग आला होता, तुम्ही शर्टाची बटणं सोडून म्हणालात, "सिस्टर, दाखवा कसं ऐकायचं ते." मी कान लावला. सर, मी आयुष्यभर छात्या ऐकल्या आहेत. ठोके लयीत नव्हते. दोन घाईत, मग एक गाळलेला, मग पुन्हा घाई. मुलांसमोर मी म्हटलं, "छान, सरांना हृदय आहे, आज सिद्ध झालं," आणि मुलं हसली. वर्ग गेल्यावर तुम्हाला तसंच रिक्षात घालून अलिबागला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. दुसरा कोणी घाबरला असता. तुम्ही गोळ्यांची पिशवी घेऊन परत आलात ते नाचतच. "बघा, अजून चालते! शंभर वर्षांहून जुनी नळी, आणि आजही निदान करते!" गावभर सांगत सुटलात. येईल त्या पाहुण्याला शर्ट उघडून म्हणायचात, ऐका, इथे सापडलं. एवढ्या आनंदाने आपला आजार मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या नळीमुळे तुम्ही मला आणखी थोडे लाभलात, सर. त्या लाकडाच्या तुकड्याचे उपकार मी विसरणार नाही.

फक्त एक झालं. तुमच्या छातीचं कळल्यावर मी तुम्हाला यंत्राच्या नळ्या धरायला बंदी केली. तुम्हाला ते लागलं, कारण साखळी म्हणजे तुमचा जीव होता.

हे पत्र उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यांना सांगायला हवं, साखळी म्हणजे काय. दरवर्षी गावच्या जत्रेला आपण यंत्र अंगणात काढायचो. माणसं गोल उभी राहायची, हातात हात धरून. पहिल्याच्या मोकळ्या हातात एक नळी, शेवटच्याच्या मोकळ्या हातात दुसरी. हात ओले हवेत, म्हणून समुद्राच्या पाण्याची बादली. मी आधी फिरून विचारायचे, छातीत मशीन बसवलंय का, हृदयाचा त्रास, फिट, पोटुशी कोणी? त्यांनी बाहेर बसायचं. मग दांडा फिरायचा आणि सगळा गोल एकाच क्षणी उडायचा. हसू, किंचाळ्या, पुन्हा करा, पुन्हा करा. दरवर्षी कोणीतरी विचारायचं, पहिल्याला जोरात आणि शेवटच्याला हळू बसतो का हो? तुम्ही त्याचीच वाट बघत असायचात. "नाही. साखळीत जितकी माणसं, तितका झटका हलका. पण सगळ्यांतून सारखाच जातो. पहिला नाही, शेवटचा नाही."

पहिल्या जत्रेला मी तुमच्या शेजारी उभी होते. म्हटलं, "सर, हे यंत्र बोटीतून उतरलं तेव्हा ही साखळी झाली असती का? माझ्या पणजोबांना लोकांनी या अंगणाच्या बाहेर उभं केलं असतं." माझा बादलीत बुचकळलेला ओला हात तुम्ही घट्ट धरलात आणि ओरडलात, "फिरवा रे." पुढे ती गोष्ट आपण पुन्हा कधी बोललो नाही. बोलायची गरज मला तरी वाटली नाही, पण तेव्हा जे बरं वाटलं ते सांगायचं राहून गेलं, म्हणून आज सांगते.

आता सोनूबाई. कोळीवाड्यातली, मासळी विकणारी, आवाज असा की मुडदा उठून बसेल. एका जत्रेत ती साखळीत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं की गुडघे मोकळे झाले. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, तेव्हा गुरुवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन दारात. "मास्तर, यंतर लाव."

तुम्ही अर्धा तास समजावलंत. हे औषध नाही, हा इतिहास आहे, यात काही तथ्य नाही हे केव्हाच सिद्ध झालंय. पुढच्या गुरुवारी त्या तिघी पुन्हा हजर. मग तुम्ही पाटी रंगवलीत, 'या यंत्राने कोणताही आजार बरा होत नाही.' सोनूबाईने ती वाचवून घेतली आणि म्हणाली, "पाटीवर काय पन लिव मास्तर. माज्या गुडघ्यांना वाचता येत न्हाय."

तुम्ही पाटी मोठी केलीत. मग आणखी मोठी. शेवटची तर अर्धी भिंत खाते. आणि तिच्याखाली बाकावर त्या तिघी हातात हात घालून बसलेल्या, मी दांडा मुंगीच्या पावलाने फिरवतेय, आणि तुम्ही खिडकीशी पाठ करून उभे. मला त्या पाठीवरूनही तुमचा राग कळायचा.

एका गुरुवारी मात्र कडाक्याचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही नर्स असून भोंदूगिरीला खतपाणी घालता." मी म्हटलं, "यंत्राने काही होत नाही हे मला तुमच्याआधी माहीत आहे. पण त्या बाईचा हात घरात कोणी धरत नाही, सर. आठवड्यातून एकदा इथे धरला जातो. तुम्ही मास्तर असून तुम्हाला माणसं वाचता येत नाहीत." तुम्ही तरातरा रस्त्यावर गेलात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात ॲल्युमिनियमवाल्याला फोन लावलात. लांबी, रुंदी, कुलूप. ज्या माणसाने आयुष्यात 'हात लावू नये' लिहिलं नाही, तो कुलूप मागवत होता. त्यानंतर बोलणं बंद. रोज यायचात मात्र वेळेवर. "सिस्टरना सांगा, पंखा बंद करा," हे तुम्ही पाहुण्यांमार्फत सांगायचात आणि मी "सरांना सांगा, बटण त्यांच्याच डोक्यावर आहे," असं परत पाठवायचे. बिचारे पाहुणे.

मग तो शेवटचा गुरुवार. तुम्ही दमलेले दिसत होतात. जिना नाही, चढ नाही, तरी दाराशी येऊन थांबलात. तिघी बाकावर होत्या. सोनूबाईने तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तोंड का उतरलंय रं मास्तर? ये, बस हितं."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला यंत्र चालणार नाही."

भांडणानंतर पहिल्यांदाच तुम्ही थेट माझ्याशी बोललात. "फिरवू नका. नुसता बसतो."

बसलात. एका बाजूने सोनूबाईने हात धरला, दुसऱ्या बाजूने मी. यंत्र टेबलावर गप्प. सोनूबाई भाच्याच्या होडीचं सांगत होती, मग सुनेचं, मग बर्फ कसा लबाडीने कमी देतात ते. त्यात चार ठिकाणी तरी तुम्ही तिची चूक काढायला हवी होतीत. एकही काढली नाहीत. तुमचा हात आधी लाकडासारखा होता, मग हळूहळू सैल पडला. मला माझ्या माणगावकडच्या ओट्या आठवल्या. उठताना तुम्ही म्हणालात, "बरं वाटलं."

मी बोट वर केलं. डोक्यावर तुमचीच पाटी, अर्ध्या भिंतीएवढी.

तुम्ही ती शांतपणे पूर्ण वाचलीत आणि म्हणालात, "पाटी बरोबर आहे. यंत्र बंद होतं."

दाराशी जाऊन वळलात. "सिस्टर, उद्या आठवण करा. त्या पेटीवाल्याला फोन करायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, पंखा लावला, आणि तुमच्याऐवजी तुमचा शेजारी आला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. झोपेतच गेलात म्हणाला. मी खुर्ची ओढली आणि बसले, आणि पहिला विचार काय आला सांगू? फोन कशासाठी करायचा होता? पेटी नको म्हणायला, की लवकर पाठव म्हणायला? हे विचारायचं राहिलं, सर. तुमच्यामाझ्यात एवढं एकच राहिलं, पण राहिलं.

तुमची शोकसभा अंगणातच झाली. अख्खं गाव, शाळा, कोळीवाडा. भाषणं झाली. तुम्ही कधी जन्मलात आणि कुठे शिकलात हे सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही 'हॅ' म्हणून खुर्चीसकट पडलात ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं. लोक हसले आणि मग हसलो म्हणून चपापले. सरपंच उठून म्हणाले, आता दोन मिनिटं शांतता पाळू. मी म्हटलं, "सरांनी आयुष्यात दोन मिनिटं शांतता पाळलेली नाही. आपण साखळी करू." सरपंच घुटमळले. घरात सुतक फिटून चारच दिवस झालेत, लोक काय म्हणतील?

तेवढ्यात वहिनी उठल्या. मिक्सर गेल्यापासून ज्या आपली पायरी चढल्या नव्हत्या त्या वहिनी. पदर खोचून म्हणाल्या, "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. मला सांगा, मी कुठे उभं राहायचं?"

मी त्यांना एक नळी दिली. दुसऱ्या टोकाला सोनूबाई आपणहून जाऊन उभी राहिली. कोणीतरी पळत जाऊन समुद्राची बादली भरून आणलीन. मी नेहमीसारखी फिरून विचारून आले, मशीन, हृदय, फिट, पोटुशी. बाहेर बसणारे बसले. मग यंत्राशी आले, आणि एक क्षण दांडा हातात धरून नुसती उभी राहिले, कारण "फिरवा रे" म्हणणारं कोणी नव्हतं. सगळा गोल माझ्याकडे बघत होता. शेवटी सोनूबाईच ओरडली, "फिरव गो बाय!"

फिरवला, सर. सरपंचांपासून बालवाडीच्या बाईंपर्यंत सगळा गोल एका दमात उडाला. एवढा आरडाओरडा आपल्या जत्रेतही झाला नव्हता. वहिनी नळी छातीशी धरून तशाच थक्क उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या मिक्सरपेक्षा जोर आहे मेल्याला." आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. "हे असं असतं होय? घरी येऊन नुसतं सांगत बसायचे. मी म्हणायचे, पुरे तुमचं खूळ." मी त्यांचा हात धरला. तो ओला आणि खारट होता आणि बराच वेळ त्यांनी सोडला नाही.

सभा उठल्यावर काचपेटीपुढे आम्ही दोघी उभ्या राहिलो. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी मागवलीय, तर काहीतरी ठेवायला हवंच." मी यंत्राकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. आणि मला कळलं.

पाटी उतरवली, सर. तुमच्या हातची, तुमच्या अक्षरातली. तिला पुसून काचपेटीत ठेवली आणि कुलूप घातलं. तुम्ही माप यंत्राच्या अख्ख्या टेबलाचं दिलं होतंत, पाटी त्याहूनही थोडी मोठी, म्हणून ती उभी तिरकी बसलीय. तिरकं तुम्हाला खपत नाही हे माहीत आहे, पण पाटी तुम्हीच मोठी करत गेलात. पेटी यंत्राच्या अगदी शेजारी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला काचेतून तुमचं वाक्य स्वच्छ वाचता येतं. तुमचा शब्द मी मोडलेला नाही. यंत्र मात्र टेबलावर आहे, उघडं, आणि दांड्याला तेल घातलंय. आणि आपल्या संग्रहालयातली पहिली 'हात लावू नये' ही चिठ्ठी मी लिहून त्या पेटीवर चिकटवलीय. तुमच्या पाटीला कोणी हात लावायचा नाही.

काल गुरुवार होता. तिघी आल्या. सोनूबाईने पेटीत डोकावून बघितलं, पाटी कुलपात बघून म्हणाली, "चोरून कोन नेनार हाय ती?" मग बाकावर बसली, तुमची जागा मोकळी ठेवून. मी दांड्याला हात घातला तर म्हणाली, "आज नको सिस्टर. नुसती बस."

मी बसले. तुमच्या जागेवर बसले, सर. सोनूबाईने हात धरला आणि भाच्याच्या होडीचं सांगायला लागली.

यंत्र बंद होतं. मला बरं वाटलं.